फर्स्ट एसीचं भाडं आणि कूपेचं नशीब: सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

मंडळी, धागा काढायचं कारण घरातलंच आहे. आईचा गुडघा बदलून चार महिने झालेत आणि तिला दिल्लीला भावाकडे जायचंय. वरचा बर्थ तिला जमणार नाही. साइड लोअरवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात सव्वा दिवस काढणंही अवघड. म्हणून पहिल्यांदाच फर्स्ट एसीचा विचार करतोय. एक तर सोलापुरातून थेट कर्नाटक एक्सप्रेस आहे. नाहीतर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, दिवसभर मावशीकडे आराम आणि संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून राजधानी. पण राजधानीचं टू एसीचं जे भाडं मंगळवारी पाहिलं, ते गुरुवारी चढलेलं. तुम्ही तिकीट कधी काढता, कूपे, म्हणजे दोघांची बंद खोली, मिळते का, सगळं लिहा.

गिरणगावकर: राजधानीचं भाडं चढतंय ते फ्लेक्सीमुळे, म्हणजे बर्थ भरत जातील तसं भाडं वाढत जातं. ९ सप्टेंबर २०१६ पासून हा प्रकार सुरू झाला. मूळ भाडं २००० धरा. पहिले दहा टक्के बर्थ त्या भावात जातात, पुढचे दहा टक्के २२०० ला, मग २४००. सुरुवातीला टू एसी दीडपटीपर्यंत जायचं, २०१९ पासून १.४ पटीवर थांबतं. वाढ फक्त मूळ भाड्यावर, आरक्षण शुल्क वगैरे आहे तेवढंच राहतं. गंमत अशी की फर्स्ट एसीला फ्लेक्सी नाहीच. म्हणजे टू एसी भरत आलं की दोन्हींतलं अंतर कमी होत जातं.

२०१७ च्या दिवाळीत मी हेच हेरून हुशारी केली. टू एसी छतापर्यंत चढू दिलं आणि मग रुबाबात फर्स्टचं तिकीट काढायला बसलो. वेटिंग ३ आलं. टू एसीतलं वेटिंग ३ मी डोळे मिटून घेतो. पण फर्स्टला बर्थच मूठभर, रद्द कोण करणार? नाही झालं कन्फर्म. शेवटी स्लीपरनं गेलो, बायको आग्र्यापर्यंत बोलली नाही.

एक आजी: मार्च २०२० पर्यंत ज्येष्ठांना सवलत होती, ह्यांना ४० टक्के आणि मला ५०. तेवढ्यावर आमची वर्षातून एकदा फर्स्टची चैन व्हायची. कूपे मिळाला की हे आधी दाराची कडी लावायचे, मग शर्ट काढून बनियनवर बसायचे. मी स्टीलच्या डब्यातून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही काढायची. घरी सूनबाईसमोर असं कधी बसता आलं नाही हो. सवलत गेली आणि आम्ही टू एसीत आलो. तिथे पडदा ओढता येतो, कडी लावता येत नाही.

चादर-टॉवेल: काय बे, एवढा कशाला विचार करतोस? मी धंद्यासाठी वर्षातून पाच-सहा वेळा फिरतो. अडचण झाली की प्रीमियम तत्काळ. त्यातपण मागणी वाढेल तसं भाडं चढतं, पण मिळालं तर कन्फर्मच, वेटिंगची भानगड नाय. फक्त रद्द केलं की सगळं पाण्यात. पार्टीनं आदल्या रात्री भेट पुढं ढकलली आणि माझं थ्री एसीचं तिकीट तसंच गेलं बग, एक रुपया परत नाय. फर्स्टला मात्र तत्काळच नाय. खिशात पैसे हायेत म्हणून आयत्या वेळी खोली मिळत नसती.

(जुलै २०२५ च्या भाडेवाढीवर लई बोंब झाली. एसीला किलोमीटरमागं २ पैसे, हजार किलोमीटरला २० रुपये. खरा खिसा फ्लेक्सी कापती, त्यावर कोण बोलत नाय.)

विजापूर रोड: मी एकटी प्रवास करते, म्हणून हे सांगायलाच हवं. फर्स्टच्या तिकिटावर बर्थ नंबर नसतो. कन्फर्म एवढंच दिसतं, केबिन की कूपे ते गाडी सुटण्याआधी लागणाऱ्या चार्टमध्ये कळतं. एकदा मला चौघांची केबिन आली आणि बाकी तिघं पुरुष, एकाच कंपनीतले. माणसं चांगली होती, पण दार आतून बंद होतं हे डोक्यातून जाईना. रात्रभर कॉरिडॉरमध्ये उभं राहायची तयारी केली होती. टीसी आले, न सांगता त्यांना कळलं. शेजारच्या कूपेत एक बाई होत्या, तिथल्या गृहस्थांना विनंती करून त्यांनी मला हलवलं. जादा पैसे भरूनही ती रात्र टीसींच्या भलेपणावर होती, हे मला अजून खटकतं.

धागाकर्ता: बाप रे. म्हणजे आईचं आणि माझं एकाच तिकिटावर काढू ना?

गिरणगावकर: एकाच पीएनआरवर काढ. दोघंच असाल तर कूपेची शक्यता वाढते. वर गुडघ्याचं कारण लिहून चार्ट लागायच्या आधी आरक्षण कार्यालयात अर्ज दे. हक्कानं मिळेल असं नाही, अर्ध्या फर्स्टच्या डब्यात बर्थच १०, चौघांच्या दोन केबिनी आणि कूपे एकच. आणि ६० दिवस आधी, आरक्षण उघडेल त्या सकाळीच काढ. नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस मिळायचे, तेव्हा निवांत होतं.

एक आजी: आईंसाठी छोटी पायरी किंवा पाट न्या. फलाट आणि डब्यात अंतर असतं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. कर्नाटकचंच काढलं, मुंबईत गाडी बदलायची दगदग नको. दोघंही कन्फर्म. आईला मोबाईलवर तिकीट दाखवलं तर तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "एवढे पैसे भरलेस, आणि बर्थचा नंबर कुठाय?" चार्ट लागल्यावर कळेल म्हटलं. तेव्हापासून ती शेजारच्या काकूंना सांगतेय, पोराला कुणीतरी फसवलंय.