समुद्राजवळच्या घराचा स्लॅब: सल्ला हवा आहे

देवगडात किनाऱ्यापासून शे-दीडशे मीटरवर चिऱ्याचं घर बांधतोय. गणपतीनंतर स्लॅब टाकायचा आहे. जुन्या घराच्या सज्जाचा खपला गेल्या मे महिन्यात आईच्या पुढ्यात पडला, आत सळया पार कुजलेल्या. तेव्हापासून धास्ती आहे. लेहला बांधकामावर असलेला भाऊ म्हणतो, काँक्रीटमध्ये बारीक हवेचे बुडबुडे धरणारं रसायन घाल. आपल्याकडे त्याचा उपयोग होईल का?

प्रतिसाद १
लेहसाठी भाऊ बरोबर सांगतोय. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्या फुगण्याला बुडबुडे जागा देतात. देवगडात पाणी गोठतच नाही, आणि हवा वाढली की ताकद मात्र घटते. ते रसायन नको.

आपल्याला खातं ते खारं वारं. मीठ ओलाव्याबरोबर सळईपर्यंत झिरपतं, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. काँक्रीटच्या भारतीय मानकात (आयएस ४५६:२०००) लाटांचे तुषार झेलणारं काँक्रीट आणि ओलं असताना कडाक्याने गोठणारं काँक्रीट एकाच 'अतितीव्र' वर्गात आहेत: किमान एम ३५ ताकदीचं काँक्रीट, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ५० मिमी. तुषार पोचत नसतील तर किनारी हवेसाठी एम ३० आणि ४५ मिमी. पाणी-सिमेंट प्रमाण दोन्हीकडे ०.४५, म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, रेतीतला ओलावा धरून. गवंडी पाइपने पाणी वाढवतो ना, तिथेच घर जातं. माल घट्ट वाटला तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला, पाणी नको.

सिमेंट स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) किंवा फ्लाय ॲशचं (कोळशाची राख मिसळलेलं) घ्या. सल्फेटरोधक सिमेंट 'समुद्रासाठी' म्हणून गळ्यात मारतात, पण ते क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा भाग, कमी धरून ठेवतं, मग तो सळईपर्यंत पोचतो.

प्रतिसाद २
खाडीची रेती न धुता वापरू नका. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तपासून घ्या, क्लोराइड लिटरला ५०० मिग्रॅपेक्षा जास्त नको. स्लॅग सिमेंटला निदान १० दिवस गोड्या पाण्याने ओलं ठेवा, गोणपाट अंथरून. आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी मारणं थांबलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

धागाकर्ता
खूप आभार! गवंडी म्हणतो, कव्हरसाठी सळईखाली ठेवायचे २० मिमीचे ठोकळे आणलेत, तेच चालतील.

प्रतिसाद १
दादा, अजिबात नको. पण नुसते ठोकळे बदलूनही भागणार नाही. स्लॅबची जाडी तीच ठेवून सळई वर उचलली की तिची भार पेलायची क्षमता कमी होते. आधी इंजिनिअरकडून ४५ मिमी धरून जाडी आणि सळई पुन्हा काढून घ्या, मगच सेंटरिंग लावा. ठोकळेही त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे हवेत.