मदत हवी आहे: कंपनीतल्या लाल इंडस्ट्रियल सॉकेटवर कार चार्ज करावी का?

नमस्कार मंडळी,

नोकरी चाकण एमआयडीसीत, राहायला सिंहगड रोडला. गाडी जुनी नेक्सॉन ईव्ही, बॅटरी ३०.२ युनिटची, आतला चार्जर ३.३ किलोवॅटचा. सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा विषय सर्वसाधारण सभेत लटकलाय (त्याचा वेगळा धागा होईल, इथे नको). म्हणून कंपनीत चार्ज करायची आहे. प्लँट हेड तयार आहेत. एचआर म्हणतं सबमीटर लावा, युनिटचे पैसे पगारातून कापू. तेही मान्य.

अडचण सॉकेटची. पार्किंग फॅब्रिकेशन शेडला लागून आहे आणि तिथल्या भिंतीवर फक्त ३२ अँपिअरचं लाल सॉकेट आहे, वेल्डिंग मशीनसाठी बसवलेलं. गाडीसोबतच्या चार्जरला साधी १५ अँपिअरची पिन. आमचा वायरमन म्हणतो, "साहेब, लाल टॉप (प्लग) आणा, एक फेज आणि अर्थ घेऊन बोर्ड काढून देतो, काही होत नाही." हे 'काही होत नाही' ऐकलं की मला धडकीच भरते.

असं चालेल का? आणि थ्री फेजवर गाडी लवकर चार्ज होईल का?

प्रतिसाद १
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. तुमचा चार्जर सिंगल फेज आहे, ३.३ च्या वर जाणार नाही. पण रोजचं ऐंशी-नव्वद किलोमीटर धरलं तरी बारा-तेरा युनिट लागतील, म्हणजे चार तास. शिफ्टमध्ये आरामात होतं.

आधी सॉकेटची भोकं मोजा. चार की पाच?

धागाकर्ता
आत्ताच बघून आलो. चार. त्यातलं एक जाड.

प्रतिसाद १
मग विषय संपला. जाड ती अर्थ, उरलेले तीन फेज. करंट परत नेणारी न्यूट्रल नाहीच. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, ते चुकून चार्जरला गेले तर चार्जर जळेल. आणि फेज-अर्थवर चालवलंत तर चौदा अँपिअर चार-चार तास अर्थच्या वायरीतून परत जाणार. ती वायर कुठे सुटली, तर तिला जोडलेली प्रत्येक बॉडी लाइव्ह होईल: तुमची गाडी, शेजारचं वेल्डिंग मशीन, सगळं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच ट्रिप होईल. वायरमनला विचारा, तिथे ती आहे का. बहुतेक नसेल, म्हणूनच त्याला 'काही होत नाही'.

प्रतिसाद २
पाच पिनचं असतं तर न्यूट्रल मिळाला असता, पण मागे ३२ चा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) आणि पुढे १५-१६ ची पिन हेही बरं नाही. पिन तापून वितळेपर्यंत एमसीबी गप्प बसेल. शिवाय वेल्डिंगच्या लाइनवर व्होल्टेज एवढं खाली-वर होतं की चार्जर मध्येच बंद पडेल.

पॅनेलपासून वेगळी लाइन ओढा: फेज, न्यूट्रल, अर्थ, चार स्क्वेअर एमएम तांबं, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, ३० मिलिअँपिअरची टाइप ए आरसीसीबी. शेवटी निळं तीन पिनचं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट. चार्जरची पिन त्यात बसणार नाही, तेव्हा निळ्या टॉपचा छोटा कॉन्व्हर्टर करून घ्या, तोही चांगल्या प्रतीचा. पुढे ७.२ किलोवॅट चार्जरची गाडी घ्यायचा विचार असेल तर केबल आत्ताच सहा स्क्वेअर एमएमची टाका.

परवानगीची काळजी नको. ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी किंवा ऑफिसात आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. सोसायटीलाही हेच दाखवा.

धागाकर्ता
मंडळी, खूप आभार. मेंटेनन्सला वेगळ्या लाइनचं सांगितलंय, पुढच्या साप्ताहिक सुट्टीला पॅनेल बंद करून ओढतील. आता शेवटचा प्रश्न: शेडचा पत्रा तिथेच गळतो. आयपी४४ चं (पाण्याचे शिंतोडे झेलणारं) सॉकेट पुरेल का?

प्रतिसाद २
आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारं) घ्या, आणि कुलपाच्या बॉक्समध्ये बसवा. नाहीतर दुपारी कुणीतरी ग्राइंडर लावायला तुमची पिन काढेल.