डिस्प्रोशियम कमी असलेल्या चुंबकांबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात मी विजेवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्यांच्या मोटरच्या डिझाइनचे काम पाहतो. आमच्या रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागात, निओडिमियम-लोह-बोरॉनची 'एसएच' ग्रेडची, म्हणजे साधारण 150 अंश सेल्सियसपर्यंत टिकणारी चुंबके बसतात. साध्या ग्रेडची मर्यादा 80 अंशांच्या आसपास असते, आणि उन्हाळ्यात भरलेली गाडी घाट चढू लागली की रोटर त्याच्या पुष्कळ पुढे तापतो. तिथे चुंबकत्व टिकते ते मुख्यतः त्यात मिसळलेल्या थोड्याशा डिस्प्रोशियम या दुर्मीळ मृदा धातूमुळे. चीनने 4 एप्रिल 2025 रोजी डिस्प्रोशियम आणि टर्बियमसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हापासून नेमकी हीच ग्रेड वेळेवर मिळेनाशी झाली आहे.

केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइट हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचे खनिज असताना अडचण कसली, असे अनेकजण विचारतात. परंतु आपल्या मोनाझाइटमध्ये सिरियम, लँथेनम आणि निओडिमियम चांगल्या प्रमाणात असले, तरी डिस्प्रोशियम नाममात्रच आहे. पृथ्वीच्या कवचात ते चांदीहून कितीतरी अधिक आहे, पण काढण्याजोगे सापडते ते मुख्यतः दक्षिण चीनमधील आणि म्यानमारच्या काचिन राज्यातील चिकणमातीत. तेथे डोंगरउतारांना भोके पाडून अमोनियम सल्फेटचे द्रावण आत सोडतात आणि पायथ्याशी झिरपलेले पाणी हौदांत साठवून त्यातून ही मूलद्रव्ये वेगळी करतात. यात आसपासचे ओढे आणि शेती नासते, ही गोष्ट मला फार खटकते. शिवाय काचिनमधील महत्त्वाचा खाणपट्टा 2024 मध्ये बंडखोर सैन्याच्या ताब्यात गेला. त्यामुळे केवळ पुरवठादार बदलून भागेल असे मला वाटत नाही. डिस्प्रोशियमची गरजच कमी केली पाहिजे.

तयार चुंबकाच्या पृष्ठभागावर डिस्प्रोशियमचा लेप देऊन, उष्णतेने ते कणांच्या सीमांपुरतेच आत मुरवण्याची पद्धत आहे. अशी चुंबके कोणी प्रत्यक्ष वापरली आहेत का? आमच्या चुंबकांची जाडी 4 मिलिमीटर आहे, म्हणजे लेप मध्यापर्यंत मुरायला हरकत नसावी. तरीही कोपऱ्यांचे चुंबकत्व आधी जाते का, हे अनुभवी व्यक्तीकडून समजून घ्यायचे आहे. होंडा आणि दाइदो स्टील यांनी 2016 मध्ये डिस्प्रोशियम-टर्बियमविरहित चुंबके हायब्रिड मोटारीसाठी आणली. तशी चुंबके लहान ग्राहकाला मिळतात का? फेराइटचा, म्हणजे लोह-ऑक्साइडच्या कमी ताकदीच्या चुंबकांचा, विचार केला होता, परंतु मोटरचा आकार वाढून ती सध्याच्या चौकटीत बसत नाही.

तपासणीसाठी मोटर तापवण्याआधी आणि थंड झाल्यावर बॅक-ईएमएफ (रोटर फिरताना चुंबकांमुळे मोटरच्या वेटोळ्यांत निर्माण होणारा विद्युतदाब) मोजून तुलना करण्याचा माझा विचार आहे. किती टक्के घट धोक्याची मानावी, हेही कृपया सांगावे.