विमानतळावर गाळा किंवा जागा भाड्याने घेतलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत

आमच्या कुडाळच्या बचत गटाला काजूगर, कोकम आगळ आणि मालवणी मसाला विमानतळावर विकायचा आहे. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाहून 9 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि जानेवारी 2023 पासून गोव्यात पेडण्यातल्या मोपा विमानतळाहूनही उड्डाणे होऊ लागली. जागा कुठे घ्यावी आणि करार कसा वाचावा, हे ज्यांनी असा व्यवहार स्वतः केला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद 1
ताई, किनारपट्टीवरच्या एका लहान विमानतळावर मी दोन वर्षे काउंटर चालवला. तिथे मिळाला तो भाडेपट्टा नव्हता, परवाना होता. म्हणजे जागेवर आपला हक्क तयार होत नाही आणि नोटिशीची मुदत संपली की गाळा मोकळा करून द्यावा लागतो. दरमहा किमान हमी रक्कम किंवा विक्रीतला ठरलेला टक्का, यांपैकी जे जास्त असेल ते भरायचे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी द्यायचा, असा हिशेब होता. मी टक्क्यावरच घासाघीस करत राहिले आणि किमान हमीच्या आकड्याकडे नीट पाहिले नाही. जुलैत ढग इतके खाली आले की सलग तीन दिवस एकही विमान उतरले नाही. सरबताच्या बाटल्या पुसून मी पुन्हा मांडणीत ठेवत होते आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बिल मात्र पूर्ण महिन्याचे आले. सूट मागितली तेव्हा करारात तशी तरतूद नाही, असे उत्तर मिळाले. खाऱ्या हवेने फ्रीजच्या बिजागऱ्या पहिल्याच वर्षी गंजल्या, तोही खर्च धरून ठेवा.

प्रतिसाद 2
पोलीस पडताळणी झाल्याशिवाय कामगाराला प्रवेशपास मिळत नाही. दोघांची गरज असेल तर तिघांचे पास काढावेत, नाहीतर एक जण आजारी पडला की काउंटर बंद राहतो.

प्रतिसाद 3
माझा अनुभव विमानतळाच्या कुंपणाबाहेरचा आहे. गाड्या उभ्या करण्यासाठी सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) जागा पाच वर्षांसाठी घेतली. सातबाऱ्यावर अकरा नावे होती, त्यांतली सात मुंबईला; सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत गणपती येऊन गेले. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा, त्यामुळे एका भावाच्या शब्दावर पैसे देऊ नयेत. उंच फलक किंवा मनोरा उभारायचा असेल, तर उंचीची परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्यावे.

प्रतिसाद 4
लहान शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेत एखाद्या मार्गासाठी विमान कंपनीला अनुदान तीन वर्षेच मिळते. पाच वर्षांचा करार करताना चौथ्या वर्षी विमाने किती राहतील, हा प्रश्न गाळ्याच्या क्षेत्रफळापेक्षा महत्त्वाचा आहे.

धागाकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. किमान हमी रक्कम प्रवासीसंख्येशी जोडणारे कलम ज्यांच्या करारात प्रत्यक्ष आले आहे, त्यांनी त्याची शब्दरचना कृपया इथे द्यावी. सोमवारी गटाची बैठक आहे, मसुदा तेव्हाच वाचायचा आहे.