केझेकुखन: घरी केलेल्या जर्मन चीजकेकच्या आठवणी सांगा

मोगरी

परवा माळा आवरताना जुन्या रजयांच्या मागे केकचा डबा हाती लागला. बाजूला कडी असलेला, २६ सेंटीमीटरचा. तळाला काळपट डाग, आतून कडेला सुरीचे ओरखडे. ते ओरखडे बघितले आणि मी तिथेच स्टुलावर बसले.

२००९ ते २०१२ आम्ही श्टुटगार्टजवळ राहायचो. खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी. रविवारी तिथे दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. साडेतीनच्या सुमाराला जिन्यातून लिंबाच्या सालीचा आणि भाजलेल्या बटरचा वास वर यायचा, मागोमाग आजींची हाक. कॉफी आणि केझेकुखन. पहिल्याच घासाला मला खरवस आठवला. क्रीम चीजचा अमेरिकन केक जड आणि किंचित खारट लागतो, हा तसा नाही. हा क्वार्कचा. क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा चुलतभाऊच, आंबटपणा तेवढा कमी.

निघायच्या आधी त्यांनी मला शेजारी उभं करून एकदा करायला लावला. वहीत आहे ते देते. खालच्या पारीला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गार बटर, ७५ ग्रॅम साखर, १ अंडं, चिमूटभर बेकिंग पावडर. मळून अर्धा तास फ्रीजमध्ये. सारणाला १ किलो मागरक्वार्क म्हणजे बिनसायीचा, ४ अंडी, २०० ग्रॅम साखर, २०० मिली क्रीम, व्हॅनिला पुडिंग पावडरचं ३७ ग्रॅमचं पाकीट, एका लिंबाची किसलेली साल. अंड्याचं पांढरं वेगळं फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळायचं. १७० अंशांवर तासभर.

आणि ते ओरखडे. अर्ध्या तासाने सारण फुगून पारीच्या वर येतं आणि डब्याला चिकटतं. आजी तेव्हा केक बाहेर काढून पातळ सुरी कडेकडेने गोल फिरवायच्या. कड सुटली की सगळीकडून सारखा फुगतो, मध्ये भेग पडत नाही. मग परत आत. झाल्यावर ओव्हन बंद करून दारात लाकडी चमचा अडकवायचा आणि आतच गार होऊ द्यायचा. मी घाईने काढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. ती पकड अजून आठवते.

२०१६ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर मी हा केक केलाच नाही. तुम्ही केलाय का कोणी? लिहा ना.

लिंबूटिंबू

फाटला. दोन्ही वेळा. मधोमध नदी. सुरीचं कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं गं, थँक्यू!!

अनुस्वार

म्युनिकहून लिहितेय. आमच्याकडे उलटा प्रवास, पाडव्याचं श्रीखंड क्वार्कचं. मागरक्वार्क पंचात रात्रभर टांगते, सकाळी वाटीभर पाणी निघालेलं असतं. नुसता तो कोरडा लागतो म्हणून थोडा ४० टक्केवाला मिसळते. केशर आणि जायफळ सासूबाई पाठवतात. यंदा टांगलेला क्वार्क जास्त झाला, साखर घालायच्या आधीच निम्मा बाजूला काढून त्याचा केझेकुखन केला. पाणी निघून गेलेलं असल्यामुळे तळाची पारी छान कोरडी राहिली. आता केकसाठीही टांगूनच घेते. मुलीला डब्यात तोच हवा असतो, पुरणपोळी दिली की परत येते. असो, तो वेगळा विषय.

सोलापुरी_चादर

पुण्यात क्वार्क कुठे मिळेल?

रानजाई

@सोलापुरी_चादर, शोधत बसू नका, चक्का वापरा. पण विकतचा बहुतेक वेळा आंबट निघतो. २ लिटर दुधाचं घरी विरजण लावा, दही आंबट व्हायच्या आत टांगा. माझा ७०० ग्रॅमच्या आसपास होतो. म्हशीच्या दुधाचा असेल तर आधीच स्निग्ध, क्रीमऐवजी दूधच घाला. पुडिंग पावडर म्हणजे कॉर्नफ्लोअर आणि व्हॅनिलाचा स्वाद, आपली कस्टर्ड पावडर चालते. १८ सेंटीमीटरच्या डब्याला मोगरीताईंचं सगळं प्रमाण निम्मं करायचं, अगदी बरोबर बसतं.

चहाबाज

तुमचा ओटीजी कितीचा? आमच्या २८ लिटरच्यात वरचा रॉड फार जवळ येतो, वरून काळा पडतो.

रानजाई

सगळ्यात खालच्या खणात ठेवा. चाळीस मिनिटांनी वर फॉइल, चिकटू देऊ नका.

चहाबाज

बरं. नानकटाईचंही तेच होतं आमच्याकडे. करतो तसं.

कावेरीकाठ

ट्रेनेनकुखन केलाय का कोणी? अश्रूंचा केक. लाइपझिगला शिकत असताना मी पहिल्या सेमिस्टरला एका विषयात नापास झाले. घरी सांगितलं नव्हतं, खोलीबाहेर पडत नव्हते. शेजारच्या खोलीतली मैत्रीण रात्री नऊला क्वार्कचे डबे घेऊन आली आणि म्हणाली, चल, अंडी फोड. केक भाजून होत आला की ३ अंड्यांचं पांढरं साखर घालून घट्ट फेसायचं, वर पसरायचं आणि शेवटची १५ मिनिटं परत आत. बाहेर काढला तेव्हा नुसता फिका पांढरा. मला वाटलं वाया गेला. ती म्हणाली, झाकू नकोस, हात लावू नकोस, झोप.

सकाळी बघते तर त्यावर मधाच्या रंगाचे थेंब, टाचणीच्या डोक्याएवढे, शेकडो. पांढऱ्यातली साखर विरघळून वर येते. आम्ही दोघी रात्रीच्या कपड्यांत तशाच उभ्या. सुरी माझ्या हातात होती पण कापवेना. त्या दिवशी आईला फोन केला.

लिंबूटिंबू

काटा आला अंगावर 🌸

सोलापुरी_चादर

मनुका घालायच्या की नाही? ह्यांच्या ऑफिसातल्या जर्मन मंडळींत म्हणे यावरून दोन तट आहेत.

अनुस्वार

अजिबात नाही. माझा तट ठरलेला.

निळासावळा

मोगरीताई खरवस म्हणाल्या म्हणून लिहितो. आईला केमोनंतर काही गिळवत नव्हतं. पारी बाद केली. डब्याला तूप लावून बारीक रवा भुरभुरला, सारणात कस्टर्ड पावडरऐवजी ४ चमचे रवा. बिनपारीचा असाही करतात तिकडे. गार करून चमच्याने भरवला. डोळे मिटूनच म्हणाली, खरवस कुठून आणलास रे, कोणाची गाय व्यायली? मी काही बोललो नाही. चार चमचे खाल्ले. त्या दिवशी तेवढंच पोटात गेलं.

कावेरीकाठ

आई कशा आहेत आता?

निळासावळा

बरी आहे. काल भरीत मागितलं, वर कच्चा कांदा हवाच म्हणाली.

रानजाई

वा! दह्यातलं की नुसतं?

निळासावळा

दह्यातलं. आम्ही खानदेशी नाही ना.

मोगरी

सगळ्यांचं वाचतेय, मध्ये कुकर, मध्ये पाहुणे. निळासावळा, आईंना नमस्कार सांगा. कावेरी, ते थेंब आमच्या आजींनी कधी दाखवले नव्हते, बघायचेत. डबा चिंचेने घासला, कडी अजून नीट बसते. आमच्या ओटीजीत तो मावत नाही, पण समोरच्या वहिनींचा ओव्हन मोठा आहे, त्या रविवारी या म्हणाल्यात. आज दही लावते, उद्या रात्री टांगेन.

चहाबाज

खाली पातेलं ठेवा. त्या पाण्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात.