वरच्या मजल्यावरील घरासाठी गॅस गिझर घ्यावा की विजेचा इन्स्टंट गिझर? मदत हवी आहे

नमस्कार. पुण्यातील एका जुन्या चार मजली इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर आमचे घर आहे. बाथरूममधील १५ लिटरचा साठवणीचा गिझर आता गळू लागला असून, त्याच्या जागी वाहते पाणी तापवणारा, टाकी नसलेला गिझर बसवावा असे घरात ठरत आहे. तो पाइपलाइनच्या गॅसवर चालणारा असावा की विजेवर, याविषयी प्रत्यक्ष वापर केलेल्यांचे मत हवे आहे. घरात आम्ही दोघे, मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. सर्वांच्या आंघोळी सकाळी तासाभरातच उरकाव्या लागतात आणि सगळे बादलीनेच आंघोळ करतात.

दुकानदाराच्या सांगण्यावर न थांबता मी आधी हिशेब मांडला. हिवाळ्यात टाकीतील पाणी २० अंशांवर धरले आणि ते ४२ अंशांवर न्यायचे म्हटले, तर २० लिटरच्या बादलीला साधारण अर्धा युनिट इतकी उष्णता लागते, मग ती विजेतून येवो वा गॅसमधून. ३ किलोवॅटच्या विजेच्या इन्स्टंट गिझरला ती द्यायला दहा मिनिटे लागतील, म्हणजे नळाची धार मिनिटाला दोन लिटरच ठेवावी लागेल. मिनिटाला ६ लिटर क्षमतेचा गॅस गिझर २५ अंशांची वाढ देतो असे धरल्यास तो दहा किलोवॅटहून थोडी अधिक उष्णता पाण्यात सोडतो आणि तीच बादली तीन मिनिटांत भरते. चौघांच्या सकाळच्या घाईत हा फरक फार मोठा आहे.

विजेच्या बाजूने क्षमता वाढवावी म्हटले, तर ४.५ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ २० अँपिअर प्रवाह घेतो. आमच्या बाथरूममध्ये १६ अँपिअरचा सॉकेट आहे, मीटर सिंगल फेजचे आहे आणि बिलावरील मंजूर भार ३ किलोवॅट आहे. म्हणजे महावितरणकडे भार वाढवून घेणे, मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची नवी तार ओढणे, स्वतंत्र एमसीबी (भार वाढताच आपोआप बंद होणारा स्विच) आणि खात्रीचे अर्थिंग करणे हे सगळे ओघाने आले. अमेरिकेतील घरांत १८ ते २७ किलोवॅटचे असे विजेचे हीटर असतात हे खरे, परंतु त्या घरांची वायरिंगच तेवढ्या भाराची असते, त्यामुळे तिकडच्या अनुभवावरून इथला निर्णय घेता येणार नाही.

इतके पाहता गॅसकडे मन झुकते. मात्र माझी खरी काळजी कार्बन मोनॉक्साइडची आहे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे आंघोळ करणाऱ्या माणसाला गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच चक्कर येऊन तो खाली पडतो. आमचे बाथरूम चार फूट बाय सात फूट आहे, म्हणजे त्यात सुमारे सात घनमीटर हवा मावते. वर सांगितलेला गॅस गिझर सलग दहा मिनिटे चालला तर पूर्ण ज्वलनासाठीच त्याला सुमारे दोन घनमीटर हवा लागेल. थंडीच्या दिवसांत खिडकी लावून घेण्याची सासूबाईंची सवय आहे आणि दाराला आतून कडी असते. त्यामुळे गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही, हे आम्ही ठरवूनच टाकले आहे. ‘एक्झॉस्ट फॅन लावला की झाले’ असे दुकानात सांगितले जाते, ते मला पटत नाही. पंखा लावायला माणूस विसरू शकतो, आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असू शकते.

मग जागा उरते ती स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीची. तिला काच नाही, फक्त ग्रिल आहे, आणि गॅसची पाइपलाइनही तिथूनच आत येते. परंतु तिथून बाथरूमपर्यंत सात-आठ मीटर पाइप जाईल. त्यात साचलेले लिटर-दीड लिटर गार पाणी प्रत्येक वेळी आधी बाहेर येईल. बादलीच्या आंघोळीत ते खपून जाते, पण नळ मध्येच बंद करून पुन्हा उघडल्यास काय अनुभव येतो, हे मला कळून घ्यायचे आहे.

याहून अवघड प्रश्न दाबाचा आहे. गॅस गिझरमधील पडदा पाण्याच्या दाबाने सरकतो तेव्हाच बर्नरला गॅस मिळतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. आमची गच्चीवरील टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर आहे, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास, आणि तोही लांबच्या पाइपमुळे घटणार. प्लंबरने लहान प्रेशर पंप सुचवला आहे. तसे केल्यास वीज गेल्यावरही पेटणारा, सेलवर चालणारा गॅस गिझर घेण्याचा मोठा फायदा मात्र हातचा जातो.

दुकानांत दिसलेले बहुतेक गॅस गिझर सिलिंडरच्या गॅससाठीचे आहेत. पाइपलाइनच्या गॅसचा दाब आणि घनमीटरमागची उष्णता दोन्ही कमी असल्यामुळे त्याला वेगळे, मोठ्या छिद्राचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी तोंडे) लागतात. आहे तोच गिझर ‘जोडून देतो’ म्हणणाऱ्याकडून मी तो घेणार नाही.

वरच्या मजल्यावर, टाकी इतकी जवळ असताना, पंपाशिवाय गॅस गिझर नीट पेटतो का? कमी दाबावर चालणारे मॉडेल कुणी वापरले असल्यास त्याचा किमान दाब किती आहे आणि हिवाळ्यात धार किती मिळते, ते कृपया सांगावे. ड्राय बाल्कनीत गिझर बसवलेल्यांनी फ्लू पाइप (जळालेला वायू बाहेर नेणारी नळी) ग्रिलबाहेर किती काढला आणि पावसाळ्यातील वाऱ्याने ज्योत विझते का, हेही लिहावे. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे आतील तांब्याच्या नळ्यांत क्षार किती लवकर साचतात, याची मला विशेष विवंचना आहे, कारण उन्हाळ्यात आमच्या टाकीत तेच पाणी येते. आणि हे सारे पाहून कुणाला वाटत असेल की आमच्यासारख्या घराने पुन्हा साठवणीचाच, २५ लिटरचा, २ किलोवॅटचा विजेचा गिझर घ्यावा, तर तेही कारणांसह मोकळेपणाने सांगावे. सध्याच्या वायरिंगवर तो चालेल, हे मला दिसते आहे.