मदत हवी आहे : ऑप्टिकलमधून आवाज येत नाही, सगळं करून झालंय

तारेवरची_कसरत
कॉम्प्युटरपासून ॲम्पपर्यंत (ॲम्प्लिफायर) ऑप्टिकल केबल, म्हणजे उजेडातून डिजिटल आवाज नेणारी, लावली आहे. आवाज नाही. केबल बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला, सगळं करून झालं. आज रात्रीच चालू करायचं आहे. लवकर सांगा.

बिट_बिट
विंडोज की लिनक्स? ॲम्प स्टीरिओ की ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर)? डिस्प्लेवर काही उमटतं का? 'सगळं' म्हणजे नेमकं काय ते लिहा, नाहीतर अंधारात तीर मारत बसावं लागेल.

कोॲक्सवाला
ऑप्टिकल सोडा, कोॲक्शियल (तोच डिजिटल आवाज तांब्याच्या तारेतून) लावा. वेगळी महागडी केबलही लागत नाही, जुनी पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल चालते, कारण तीही ७५ ओहमचीच असते. ऑप्टिकलचा प्लास्टिकचा धागा जोरात वाकवला की संपला, आणि ५ मीटरच्या पुढे भरवसा नाही.

बिट_बिट
त्यांच्या मदरबोर्डला मागे कोॲक्शियल आहे का हेच अजून कळलेलं नाही. आणि धागाकर्ते, बोर्डावर एसपीडीआयएफ (डिजिटल आवाजाचं आउटपुट) लिहिलेल्या पिना दिसल्या तर त्यांना थेट वायर जोडू नका. तिथे लॉजिक पातळीचा सिग्नल असतो, ॲम्पला लागतो साधारण ०.५ व्होल्ट पीक-टू-पीक. मध्ये ब्रॅकेट, म्हणजे सिग्नल योग्य पातळीवर आणणारी छोटी पट्टी, लागतं.

तारेवरची_कसरत
विंडोज ११. ॲम्प ५.१. केबलच्या टोकाला लाल उजेड दिसतो. पुढे?

खरखर
दोन्ही टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्यात ना? पारदर्शक असतात, लक्षात येत नाहीत, आणि टोपीसकट प्लग पूर्ण आत बसत नाही. दुसरं, ॲम्पच्या मेनूत इनपुट असाइन बघा. मागे 'ऑप्टिकल १' असं छापलेलं असतं, पण ते भलत्याच इनपुटला जोडलेलं असू शकतं.

शांत_डेसिबल
घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. कॉम्प्युटर आणि ॲम्प एकाच पट्टीवर लावा.

खरखर
घूं कोणाला येतोय? इथे आवाजच नाही. शिवाय ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, त्या केबलने ग्राउंड लूप होणार कसा?

तारेवरची_कसरत
टोप्या नाहीत हो. इनपुटही बरोबर आहे, व्हीएलसीत सिनेमा लावला की पाचही स्पीकर वाजतात. ब्राउझर आणि गाण्यांचाच आवाज येत नाही.

बिट_बिट
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! केबल, पोर्ट, इनपुट तिघंही निर्दोष सुटले.

तुम्ही व्हीएलसीत पासथ्रू चालू केलेलं दिसतंय. तेव्हा सिनेमाचा डॉल्बी प्रवाह न उलगडता तसाच जातो, आणि तो ४८ किलोहर्ट्‌झने जातो. ब्राउझरचा आवाज मात्र विंडोजच्या मिक्सरमधून जातो, डिफॉल्ट फॉरमॅटला जो आकडा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल) असेल त्या वेगाने. तिथे १९२००० आहे का बघा. ४८ ला ऑप्टिकलमधून सेकंदाला ३.०७२ मेगाबिट जातात, १९२ ला १२.२८८. बऱ्याच ॲम्पची ऑप्टिकल इनपुटं ९६ च्या पुढे सिग्नल पकडतच नाहीत, गप्प बसतात.

सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मोअर साउंड सेटिंग्ज. प्लेबॅकमध्ये डिजिटल आउटपुट निवडा, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. २४ बिट, ४८००० हर्ट्‌झ करा. गाण्याचं ॲप आधी बंद करा, एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये (विंडोजचा मिक्सर टाळून) असेल तर तिथला आकडा ते जुमानत नाही.

तारेवरची_कसरत
१९२००० च होतं. सगळ्यात मोठा आकडा म्हणून मीच ठेवला होता. आता वाजतंय! पण चालत नसेल तर विंडोज तो आकडा दाखवतं कशाला? आणि दोन नव्या कटकटी : प्रत्येक नोटिफिकेशनची सुरुवात गिळली जाते, आणि गेममध्ये मागचे स्पीकर मुके.

बिट_बिट
विंडोज साउंड चिपला जमणारे आकडे दाखवतं. ऑप्टिकल एकमार्गी आहे, ॲम्पला काय झेपतं हे त्याला उलट कळवता येत नाही.

सुरुवात गिळण्याचं कारण : काही वाजत नसलं की ड्रायव्हर प्रवाह बंद करतो. पुढचा आवाज आला की ॲम्प पुन्हा सिग्नल पकडतो आणि मग म्यूट उठवतो, तेवढ्यात टिंग होऊन गेलेलं असतं. पार्श्वभूमीला पूर्ण शांत फाइल लूपवर वाजत ठेवा.

एचडीएमआयप्रेमी
म्हणून म्हणतो एचडीएमआय. ॲम्प स्वतःच सांगतो काय चालतं ते, आणि न दाबलेले (कॉम्प्रेस न केलेले) ८ चॅनल जातात.

खरखर
आणि ग्राफिक्स कार्डाला ॲम्प म्हणजे दुसरा मॉनिटर वाटतो, माउस त्या अदृश्य पडद्यावर हरवतो. तेही सांगा की.

एचडीएमआयप्रेमी
डिस्प्ले डुप्लिकेट करा, संपलं.

खरखर
दोन्हींचं रेझोल्यूशन आणि रिफ्रेश जुळलं तर! १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर ६० वर येऊन बसतो.

तारेवरची_कसरत
ॲम्पला पुढे यूएसबी आहे, ते चालेल का?

बिट_बिट
पुढचं चपटं पोर्ट पेन ड्राइव्हसाठी असतं. कॉम्प्युटरसाठी बहुधा मागे चौकोनी टाइप बी लागतं. दोन्हीकडे चपटं टोक असलेली केबल घालून प्रयोग करू नका, दोन्हीकडून ५ व्होल्ट समोरासमोर येतात.

मागचे स्पीकर : ऑप्टिकलमध्ये न दाबलेले दोनच चॅनल मावतात. गेमचा ५.१ आवाज तिथल्या तिथे दाबून पाठवणारं डॉल्बी डिजिटल लाइव्ह तुमच्या ड्रायव्हरमध्ये असेल, तर त्याच ॲडव्हान्स्डच्या यादीत दिसेल.

तारेवरची_कसरत
आहे! मागचे वाजले. पण गोळी झाडली की आवाज किंचित उशिरा.

बिट_बिट
तो राहणारच. डॉल्बी डिजिटलची एक फ्रेम १५३६ सॅम्पलची, म्हणजे ४८ ला ३२ मिलिसेकंद. ती भरल्याशिवाय पुढे जात नाही, वर ॲम्पचा उलगडायचा वेळ. नेमबाजीचे गेम दोन चॅनलवर खेळा, बाकीचे ५.१ वर.

कोॲक्सवाला
कोॲक्शियल लावून बघितलं का?